झाडलोट आपोआप

आमच्या ऑफिसात दर शनिवारी चार वाजता झाडलोट व्हायची. केरसुणीची झाडलोट वेगळी, ती सकाळीच उरकलेली असायची. ही झाडलोट सर करायचे, संगणकासमोर बसून, शर्टाच्या बाह्या वर सारून. "चला, सरका. दहा मिनिटं कोनी मशीनले हात लावू नोका," असं ते म्हणाले की आम्ही पाचही जण आनंदानं खुर्च्या सोडायचो आणि खाली जाऊन गिला वडा खायचो. दहा मिनिटांचा पाऊण तास कसा व्हायचा ते गिट जाणे.

सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. आयुष्यभर अकोल्यात अकरावी-बारावीला गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून प्रोग्रामिंग शिकून आमच्याकडे आले. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोनं राजापेठ. आमचं ऑफिस एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर आहे. खाली भौतिकशास्त्र, वर आम्ही. मी पुण्यात नऊ वर्षं काढून अमरावतीला परतलेली, त्यामुळे माझ्या मते ऑफिसात सगळ्यात पुढारलेली. हे मत फक्त माझंच होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गिटबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या धंद्यात लिहिलेल्या कोडची प्रत्येक आवृत्ती जपावी लागते. कोणी, कधी, काय बदललं, सगळं. ते काम गिट नावाची व्यवस्था करते. आपण काम तिच्या हवाली केलं, की ती त्याची एक नक्कल ठेवते आणि आकडे-अक्षरांची एक लांबलचक खूण देते. चालू कामाला आपण शिवाय एक नाव देतो, ते यादीत सगळ्यांना दिसतं. वर्षभरात अशा तुकड्यांचा ढीग होतो आणि मशीन रखडायला लागतं. मग तुकड्यांचे गठ्ठे बांधायचे, याद्या ताज्या करायच्या, निरुपयोगी ते टाकून द्यायचं. यालाच आम्ही झाडलोट म्हणायचो. सगळ्या जगात हे काम आता आपोआप, मागच्या मागे होतं. एकदा वेळापत्रक लावून दिलं की झालं. आमच्याकडे मात्र एक निवृत्त गणिताचे सर दर शनिवारी हातानं आज्ञा टाइप करत बसायचे, आणि मला ते बघवत नव्हतं.

"सर, हे आपोआप होतं," मी म्हटलं.

"होत असंन."

"तुमचा वेळ वाचेल."

"वाचवून काय करू? गाडी साडेसहालेच हाये."

मग मी न विचारताच काम सुरू केलं. एका दुपारी बसून सगळं वेळापत्रक लावलं. हलकी कामं दर तासाला, गठ्ठे बांधायचं काम रोज दुपारी दीडला, आम्ही डबे उघडतो तेव्हा. संध्याकाळी सर जाताना ऑफिसचा मेन स्विच स्वतः बंद करत, तेव्हा दुपारशिवाय मुहूर्त नव्हता. ही व्यवस्था मी ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर, जिथे सगळ्यांचं काम जमा होतं, लावली आणि मग उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या लॅपटॉपवरही लावली.

हे करताना सरांनी मोठ्या मशीनवर करून ठेवलेली एक सेटिंग मला दिसली. निरुपयोगी तुकडे 'कधीही फेकू नये' अशी ती होती. मी हसले. आमच्या घरी रिकाम्या बरण्या आणि श्रीखंडाचे डबे वर्षानुवर्षं फळीवर असतात, तसलीच ही माया असणार असं मला वाटलं. मी ती सेटिंग काढली आणि तिच्या जागी माझी एक ओळ लिहिली: ज्या तुकड्याला कुठलंच नाव लागलेलं नाही, तो शनिवारी फेकून द्यावा, लगेच. गिट स्वतः असे तुकडे निदान दोन आठवडे तरी सांभाळतं. मला तेवढाही धीर नव्हता.

पहिल्याच शनिवारी मशीन हलकं झालं. मी वाट बघत बसले की आता कोणीतरी म्हणेल, वा. कोणी म्हणालं नाही. मागच्या मागे होणाऱ्या कामाची हीच तर गोची असते. चार वाजले, सरांनी सवयीनं बाह्या वर सारल्या आणि मी म्हटलं, "झालं सर. दुपारीच झालं." त्यांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली. बाकीचे माझ्याकडे बघत होते, पण त्या नजरेत कौतुक नव्हतं. माझ्यामुळे शनिवारचा गिला वडा गेला होता.

असे चारेक महिने गेले.

मग एका शनिवारी दुपारी नांदगाव पेठेच्या कारखान्यातून फोन आला. तिथे शर्ट शिवतात. शिवणाऱ्या सगळ्या बाया, आणि प्रत्येकीच्या मशीनच्या वर वहीएवढा एक पडदा. मशीन अडलं की काय झालं आणि काय करायचं, ते पडद्यावर येतं. ते सॉफ्टवेअर आमचं. त्यावरच्या साठ-सत्तर सूचना माझ्या.

पण आधी त्या माझ्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी त्या सरांनी आणल्या होत्या. महिनाभर ते दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले होते, आणि बाया एकमेकींना काय सांगतात ते उतरवून घेत होते. सुई तुटली तर त्यांच्या पडद्यावर यायचं, 'सुई तुटली वं. पयले पाय काढ, मंग हात काढ. तुकडा सापडल्याबिगर मशीन चालू नोको करू.' पंधरा दिवस हे पडद्यावर चाललं. मग मुख्य कार्यालयातून एक साहेब आले, त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, ही भाषा बरी दिसत नाही, शुद्ध मराठीत करा. शुद्ध मराठी ऑफिसात माझ्याकडेच होती. मी लिहिलं, 'सुई भंग पावली आहे. कृपया यंत्र बंद करून पर्यवेक्षकांशी संपर्क साधावा.' साहेब खूश झाले. मीही झाले, हे कबूल करते. सरांनी आपलं काम यादीतून काढून टाकलं.

आता फोनवर कारखान्याचे नवे मॅनेजर होते, इकडचेच, धामणगावकडचे. ते म्हणत होते, "बाया पडद्याकडे पाह्यतच नाहीत हो. गेल्या महिन्यात एकीच्या बोटात सुई गेली. बाया सांगतेत ते जुनं होतं ना, पयले पाय काढवालं, ते आना. शुक्रवारी मले दाखवा, त्याच दिवशी सगळ्या मशीनवर चढवू."

फोन सरांनीच घेतला होता. तो ठेवल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. निकालात पहिला आलेल्या विद्यार्थ्याचा व्हावा तसा. ते पिशवीकडे गेले आणि बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली एक हिरवी डायरी काढून आणली.

त्या डायरीत खुणांची यादी होती. प्रत्येक खुणेची पहिली सात अक्षरं, तेवढी गिटला पुरतात, सुबक हस्ताक्षरात, समोर दोन शब्द. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सर नाकारलेलं काम फेकत नव्हते. त्याचं नाव तेवढं यादीतून काढायचे. काम तसंच बिननावाचं मोठ्या मशीनमध्ये पडून राहायचं आणि त्याची खूण डायरीत उतरवलेली असायची. खूण माहीत असली की गिट बिननावाचा तुकडाही काढून देतं. मी विचारलं, "सर, नाव का काढलं? राहू द्यायचं होतं यादीत."

"नाव दिसलं का लोक विचारतेत, हे काय हाये, हे काहून नाई घेतलं. कोनाकोनाले सांगत बसू?"

म्हणून ती 'कधीही फेकू नये' सेटिंग होती. आणि ती मी काढली होती. सर खूण टाइप करत होते, एका बोटानं, डायरीत बघून. मशीननं सांगितलं, अशी वस्तू नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा टाइप केलं. अशी वस्तू नाही.

"उतरवतानी चुकलो दिसते," ते म्हणाले. "डोळ्याचं काई खरं नाई आता."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि म्हटलं, "उद्या बघू या का, सर?" उद्या रविवार होता. ते डायरी पिशवीत घालून साडेसहाच्या गाडीला निघून गेले, आणि मी लोकांच्या लॅपटॉपवर शोधत बसले. कुठेच नव्हतं, कारण माझी ती ओळ सगळीकडे पोचली होती. बॅकअप होता, पण त्यात नाव असलेलंच काम जायचं. कारखान्यातल्या पडद्यांवर त्यानंतर तीनदा नवं सॉफ्टवेअर चढलेलं. मी इतकी स्वच्छ झाडलोट केली होती की मलाच पाय ठेवायला भीती वाटावी.

रविवारी सकाळी मी अकोल्याला गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती, आणि खरं म्हणजे समोर सांगायचीही नव्हती, पण गाडीत बसल्यावर उतरता येत नाही. सरांचं घर जठारपेठेच्या बाजूला. दार सरांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं. मी कोण ते सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "ये वं बाई, तूच समजाव यायले. सकाळपासून टेबलावरून उठले नाईत. म्या त डोळ्याच्या डॉक्टरले फोन करून ठेवला, मंगळवारची वेळ भेटली."

सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. हातात भिंग. समोर डायरी आणि गणिताच्या रफ कामाचे असतात तसे कागद. खुणेतलं कुठलं अक्षर चुकलं असेल ते ते शोधत होते. सहाचा बी झाला असेल, तीनचा आठ झाला असेल. प्रत्येक शक्यता वेगळ्या ओळीत लिहिली होती, क्रमानं, एकही न गाळता. दोन पानं भरली होती.

"हे पाह्य," ते म्हणाले, "उद्या याच्यातलं एक एक टाकून पाहू. येकशे बारा होतेत. दोन घंट्याचं काम हाये."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. खूण बरोबर आहे, काम नाही. मी ती सेटिंग काढली, मी ती ओळ लिहिली, काल मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. शेवटचं वाक्य सांगताना मला रडू आलं आणि काकूंनी घाईघाईनं पोह्याची बशी माझ्या हातात दिली, जणू रडण्यावर तोच उपाय होता.

सरांनी भिंग खाली ठेवलं.

"मंग माहे डोये बरे हायेत म्हनजे," ते म्हणाले.

"हो सर."

"सांग मंग डॉक्टरले," ते काकूंना म्हणाले, "मंगळवारी नाई येत म्हन."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत, पण पोहे खाताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, आठवेल का तुम्हाला? त्यांनी एक कागद ओढला आणि लिहायला लागले. वीस-बावीस सूचना झाल्या. मग पेन थांबलं. "मले नाई येत बाकीच्या. म्या लिवल्याच नोयत्या त्या. म्या फक्त ऐकल्या होत्या," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. तेव्हा मला कळलं की मी नेमकं काय फेकलं होतं. चूक झाल्याचं कालच कळलं होतं, पण एका माणसाचा महिनाभराचा कान मी फेकला होता हे त्या टेबलाशी कळलं.

निघताना मी म्हटलं, "सोमवारी ते सगळं आपोआपचं काढून टाकते, सर. तुम्हीच करत जा."

"काहून काढते? चांगलं चालते ते. मशीन हलकं झालं ना." चपला घालून ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. "गठ्ठे बांधू दे त्याले. याद्या करू दे. फेकाचं तेवढं आपल्यापाशी ठेव."

सोमवारी मी फक्त ती एक ओळ काढली आणि त्यांची सेटिंग परत लावली. दुपारी दीड वाजता, गठ्ठे बांधायचं काम सुरू झालं तेव्हा, आम्ही दोघं नांदगाव पेठेच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. सरांनी डबा आणला होता, मी लॅपटॉप. एका लांब बाकावर बाया जेवत होत्या. सर त्यांच्यात असे जाऊन बसले जसे काल दुपारीच उठून गेले होते.

"सर आले वं!" एक पन्नाशीची बाई ओरडली. कॉलर लावायच्या मशीनवर ती सगळ्यात जुनी, नव्या येणाऱ्या पोरींना काम तीच शिकवायची. "किती दिवसांनी? अन हे कोन?"

"ह्या म्याडम. पडद्यावरचं ह्यायनं लिवलं."

ती माझ्याकडे वळली. "तूच का वं ते 'भंग पावली' वाली?" सगळ्या बाया हसायला लागल्या. "भंग त तपश्चर्या होते वं माय. सुई तुटते."

मी म्हटलं, हो, तुटते. दुसरं काय म्हणणार?

सरांनी काय हवंय ते सांगितलं, पण का हवंय ते सांगितलं नाही. जुनं जरा हरवलं, एवढंच म्हणाले. मग ती बाई बोलायला लागली. धागा गुंतला तर काय, तेल सांडलं तर काय, कापड ओढलं गेलं तर काय. ती एकेक सूचना म्हणायची, शेजारची दुरुस्त करायची, तिसरी म्हणायची असं नाही, पहिल्यांदा फिरकी बघायची. मी टाइप करत होते. शुद्धलेखनाची लाल रेघ माझ्या प्रत्येक ओळीखाली येत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे दुर्लक्ष करत होते. सर मधेच म्हणायचे, "तवा तू असं नोयती सांगत, तवा तू 'हळू' म्हनली होती." ती म्हणायची, "तवा मशीन जुनी होती, सर." चार दुपारी आम्ही गेलो. सगळं परत मिळालं असं मी म्हणणार नाही. सरांच्या मते अकरा सूचना गेल्या त्या गेल्याच, आणि त्या अकरांवरून ते मला अजून सुनावतात.

शुक्रवारी मॅनेजर बघायला आले. एका ओळीतल्या मशीनांवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. त्या बाईनं मुद्दाम जुनी सुई लावून मशीन चालवलं, सुई तुटली, पडद्यावर ओळ उमटली. शेजारच्या मशीनवरच्या नव्या पोरीनं ती मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता स्वतःचाही पाय पेडलवरून काढला. मॅनेजर हसले. "बढिया झालं. हे कोनं केलं, सर?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यायनं. चार दिवस बसून."

"वा म्याडम," मॅनेजर म्हणाले.

चार महिने मी याच शब्दाची वाट बघत होते, आणि तो मिळाला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. सर गंमत करत नव्हते, ते खरंच म्हणत होते, त्यामुळे आणखीच. मी म्हटलं, "नाही साहेब. हे सरांनी दोन वर्षांपूर्वीच केलं होतं. मी ते पुसून टाकलं. चुकून, पण मीच."

मॅनेजर गोंधळले. सर छताकडे बघायला लागले. मशीनवरच्या बाईनं मान वर केली, आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नवी सुई तोंडात धरूनच विचारलं, "म्हनजे हरवलं नोयतं? हिनं पुसलं?"

"हो," मी म्हटलं.

"मंग काय झालं?" तिनं सुई तोंडातून काढली आणि मशीनला लावायला घेतली. "ते मशीनमधलं पुसलं. आमाले त पाठच हाये."

सर तेव्हा माझ्याकडे बघून हसले, रविवारनंतर पहिल्यांदा.